केस, माती आणि गहूं



मनुष्यदेहाच्या ज्या भागांवांचून जगणें सहज शक्य आहे, परंतु मानानें जगणें कठीण होतें, त्यांत केसांचा क्रम बहुधा पहिला लागेल. केस गेल्यानें कोणी दगावत नाहीं; तरीहि फणींत चार केस अधिक आले कीं साऱ्या घराचें स्वास्थ्य हरपतें. आज या विषयावर बोलण्याचें कारण असें कीं, आपल्याच वऱ्हाडांत, बुलढाणा जिल्ह्यांत, सन २०२४ च्या अखेरीस केशपाताचा एक विलक्षण प्रकार घडला. केसांविषयीं मनुष्यजातीनें आजवर जें जें मानलें, तें सारें त्या घटनेच्या कसोटीस लागलें.

बुलढाणा जिल्हा हा दोन पायऱ्यांचा मुलूख आहे. जिल्ह्याच्या ठाण्याजवळचें, पैनगंगेच्या कांठचें देऊळघाट हें वरच्या पायरीवरचें गांव. तेथून उत्तरेस अजिंठ्याच्या डोंगररांगा उतरून गेलें म्हणजे पूर्णेचें सखल खोरें लागतें. घाटावरचे आणि घाटाखालचे हा भेद तेथील लोकांच्या बोलण्यांत पदोपदीं येतो. घाटाखालीं जमीन काळी व कसदार, परंतु विहिरींचें पाणी खारट; म्हणून त्या भागास खारपाणपट्टा असेंच म्हणतात. शेगांव तालुक्यांतलीं जीं गांवें या हकीकतीचीं नायक, तीं या खालच्या पायरीवरचीं.

डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून बोंडगांव, कालवड, हिंगणा इत्यादि गांवांतून एकच तक्रार येऊं लागली. पहिल्या दिवशीं डोकें खाजतें, दुसऱ्या दिवशीं केस राठ होऊन हातांत येऊं लागतात, आणि तिसऱ्या दिवशीं टक्कल दिसूं लागतें. पुरुष, स्त्रिया, शाळकरी मुलें, कोणीहि यांतून सुटलें नाहीं. पुढें झालेल्या मोजदादीप्रमाणें १८ गांवांतील २७९ माणसांस ही बाधा झाली.

आतां, रोग अपरिचित असला म्हणजे मनुष्य जवळच्यावर संशय घेतो. घाटाखालीं सर्वांत जवळचा संशयित म्हणजे पाणी. तपासणींत पाण्यांत क्षार व नायट्रेट हीं प्रमाणाबाहेर निघालीं, आणि अनेकांस वाटलें कीं चोर सांपडला. परंतु तें पाणी कांहीं त्या डिसेंबरांतच खारें झालें नव्हतें. पिढ्यान्‌पिढ्या तें प्यालेल्या लोकांचे केस शाबूत होते. मग संशय बुरशीवर गेला, साबणावर गेला, डोकें धुण्याच्या शांपूवर गेला. जानेवारी २०२५ मध्यें भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचीं पथकें गांवांत आलीं आणि त्यांनीं रक्ताचे, पाण्याचे व मातीचे नमुने नेले.

या संशयांची परंपरा फार जुनी आहे. आपल्याकडे सुश्रुतानें इंद्रलुप्त या नांवानें या विकाराचें वर्णन केलें आहे. वाताच्या साहाय्यानें प्रकुपित झालेलें पित्त रोमकूपांत शिरून केस पाडतें, आणि मग कफ व रक्त त्या कूपांचीं तोंडें बंद करतात, म्हणून नवे केस उगवत नाहींत, अशी त्याची उपपत्ति. उपाय म्हणून रक्त काढणें, गुंजेचा लेप, हस्तिदंताची मषी असे प्रयोग सांगितले आहेत. आपल्या आज्यांनीं त्यांतला उग्र भाग सोडून माका, ब्राह्मी, आवळा, जास्वंद हीं तेलांत उकळून घरोघर ठेविलीं. डोक्यावर रुपयाएवढी जागा एकाएकीं उघडी पडली म्हणजे आपण तिला ‘चाई’ म्हणतों. कसलासा किडा केस खातो अशी समजूत त्यामागें आहे. वस्तुतः चाईंत किडा नसतो. शरीराची स्वतःची संरक्षक यंत्रणाच केसांच्या मुळांवर उलटते, आणि पुष्कळदां कांहीं महिन्यांनीं आपण होऊन शांतहि होते.

अर्वाचीन शास्त्रानें केसाविषयीं जी महत्त्वाची गोष्ट सांगितली ती ही कीं, प्रत्येक केसाला स्वतःचें आयुष्य आहे. डोक्यावर सुमारें १ लाख केस असतात. त्यांतले शेंकडा ८५ ते ९० वाढींत असतात, आणि ही वाढ २ ते ६ वर्षें चालते. त्यानंतर तो केस सुमारें ३ महिने नुसता विसांवा घेतो, गळतो, व त्याच मुळांतून नवा निघतो. म्हणून दिवसाकाठीं ५० ते १०० केस गळणें हा रोग नव्हे; ती झाडाची पानगळ आहे. विषमज्वर, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा मनाचा जबर आघात यांनीं पुष्कळसे केस एकदम विसांव्याच्या अवस्थेंत ढकलले जातात. परंतु ते गळतात दोन-तीन महिन्यांनीं. २०२० नंतर कोविडांतून उठलेल्या अनेकांनीं हा अनुभव घेतला. अशा गळतीस वेळ, पुरेसें अन्न आणि धीर एवढेंच औषध बहुधा पुरतें.

पुरुषांचें कपाळ मागें सरकत जातें तो प्रकार निराळा. षंढांना टक्कल पडत नाहीं, हें ग्रीक वैद्य हिपोक्रेटीसच्या काळापासून ठाऊक होतें. १९४२ सालीं हॅमिल्टन या अमेरिकन शास्त्रज्ञानें पुरुषत्वाच्या अंतःस्रावाशीं त्याचा संबंध सिद्ध केला. यावरचीं दोन प्रसिद्ध औषधें दुसऱ्याच रोगांच्या वाटेनें आलीं. मिनॉक्सिडिल हें रक्तदाबाचें औषध; तें घेणारांच्या अंगावर केस वाढूं लागले म्हणून पुढें तें डोक्यास लावण्यासाठीं निघालें. फिनास्टेराइड हें प्रोस्टेट ग्रंथीचें औषध. १९९७ पासून तें केसांसाठींहि मान्य झालें. दोन्ही चालूं आहेत तोंवरच गुण देतात, आणि दोन्ही वैद्याच्या सल्ल्यानेंच घ्यावयाचीं आहेत.

हें सारें लक्षांत घेतलें म्हणजे शेगांवकडील प्रकाराचें वेगळेपण कळतें. मनाच्या किंवा तापाच्या आघातानें केस गेले असते तर ते दोन-तीन महिन्यांनीं गेले असते. चाई असती तर ती साथीसारखी गांवोगांव पसरली नसती. वारशानें आलेलें टक्कल शाळकरी मुलीस पडलें नसतें. तीन दिवसांत डोकें उघडें पडतें याचा अर्थ, वाढत्या केसाच्या मुळाशींच घाव बसला आहे. असा घाव बहुधा विषाचा असतो.

महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनीं याच दिशेनें शोध केला. विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून कोंकणांतील असंख्य प्राण वांचविणारे हे वैद्य मूळचे बुलढाण्याच्या शेजारच्या जालना जिल्ह्यांतले. त्यांनीं स्वखर्चानें गांवांत जाऊन लोकांचें रक्त, मूत्र, केस आणि घरांतील गहूं तपासून घेतला. त्यांच्या सांगण्याप्रमाणें रोग्यांच्या रक्तांत सेलेनियम हें मूलद्रव्य ३५ पट, मूत्रांत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेलें निघालें, व जस्त कमी झालेलें होतें. रेशनवर आलेल्या गव्हांत किलोमागें सुमारें १४ मिलिग्रॅम सेलेनियम होतें, म्हणजे स्थानिक गव्हाच्या जवळजवळ ६०० पट. आणि गहूं धुतल्यानेंहि तें फारसें कमी होईना. तो गहूं पंजाबाकडून आलेला होता, असें त्यांचें म्हणणें. तें खाणें सुटल्यावर पांच-सहा आठवड्यांत कांहींच्या डोक्यांवर पुन्हा केस दिसूं लागले. परिषदेच्या तपासांतहि रक्तांतील सेलेनियम वाढल्याचें पुढें जाहीर झालें. दोष गव्हाचाच कीं नाहीं, याविषयीं मात्र अधिकाऱ्यांनीं संमति दिली नाहीं.

हें सेलेनियम १८१७ सालीं स्वीडनच्या बर्झेलियसनें शोधलें व चंद्राच्या ग्रीक नांवावरून त्याचें नामकरण केलें. शरीरास तें हवें असतें, परंतु कणभर. मोठ्या माणसानें दिवसास ४०० मायक्रोग्रॅमच्या पलीकडे जाऊं नये असें मानतात. आतां साधें गणित करा. वरील गहूं दिवसास पाव किलो पोटांत गेला, तर साडेतीन हजार मायक्रोग्रॅम सेलेनियम गेलें. मर्यादेच्या जवळजवळ नऊ पट.

इतिहासांत याचे दाखले आहेत. १८५६ सालीं अमेरिकेंतील फोर्ट रँडल छावणीच्या लष्करी वैद्यानें लिहून ठेविलें कीं, तेथें चरणाऱ्या घोड्यांची आयाळ व शेपटीचे केस झडतात आणि खूर गळतात. त्याचें कारण सेलेनियम हें १९३० नंतरच्या दशकांत उमगलें. चीनमध्यें हूबे प्रांताच्या एन्शी भागांत १९६१ ते १९६४ या वर्षांत माणसांचे केस व नखें गेलीं; भाताचें पीक बुडाल्यामुळें लोक तेथल्याच मातींतल्या मक्यावर व भाजीपाल्यावर जगत होते. आपल्या देशांत शिवालिकच्या पायथ्याशीं, होशियारपूर व नवांशहर भागांत अशी सेलेनियमयुक्त माती आहे हें लुधियान्याच्या कृषि विद्यापीठांतील शास्त्रज्ञांनीं पूर्वींच दाखविलें होतें. आणि शेगांवकडे एप्रिल २०२५ मध्यें कांहीं माणसांचीं नखेंहि गळूं लागलीं, हें या दाखल्यांशीं कसें जुळतें तें वेगळें सांगावयास नको.

एन्शीच्या कथेंतला अर्थ मला फार महत्त्वाचा वाटतो. विष केवळ मातींत नव्हतें; तें एकाच मातीवर अवलंबून राहण्यांत होतें. शहरांतला गृहस्थ चार दुकानांचें धान्य खातो. एका पोत्यांत दोष असला तरी तो वांटला जातो. गरिबाच्या घरीं महिनाभर एकच पोतें. ज्या वऱ्हाडाचें मुख्य अन्न एके काळीं शेजारच्या शेतांतली ज्वारी होती, तेथें रेशनचा गहूं दूरच्या प्रांतांतून येतो. भुकेल्यास धान्य देणारी ही व्यवस्था मोठ्या पुण्याची आहे, म्हणूनच तिच्या पोत्यांत काय आहे हें पाहण्याची जबाबदारीहि मोठी आहे.

आणखी एक गोष्ट. त्या गांवांतल्या अनेकांनीं लाजेनें उरलेले केसहि काढून टाकले. कित्येक मुलांची शाळा-कॉलेजें सुटलीं, आणि ठरलेलीं लग्नें मोडलीं. महाराष्ट्रांत स्त्रीच्या मुंडित मस्तकाला एक दुःखद अर्थ होता. १८९० सालीं मुंबईच्या न्हाव्यांनीं, विधवांचें केशवपन आम्ही करणार नाहीं, असा निश्चय केला तो त्या अर्थावर उगारलेला वस्तराच होता. इतक्या वर्षांनंतरहि रोगानें केस गेलेल्या मुलीकडे पाहतांना आपल्या दृष्टींत तो जुना अर्थ डोकावत असेल, तर तें तपासण्याचें काम कोणत्याहि प्रयोगशाळेचें नाहीं. तें आपलें आहे.

शेवटीं गृहस्थ-गृहिणींस दोन शब्द. केस गळूं लागले कीं गोळ्यांची बाटली आणण्याची घाई करूं नये. केसांसाठीं म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ गोळ्यांत सेलेनियमच असतें. २००८ सालीं अमेरिकेंत एका पौष्टिक द्रवांत तें लेबलावरील प्रमाणाच्या २०० पट पडलें आणि दहा संस्थानांतील २०१ लोक आजारी पडले; त्यांच्यांतल्या बहुतेकांचे केसच गेले. प्रथम विचारावें, केस कधीं गळूं लागले, किती दिवसांत गेले, त्याच्या तीन महिने आधीं काय घडलें, आणि घरांत आणखी कोणाचे जात आहेत काय. एकट्याचे जात असतील तर वैद्याकडे जावें. साऱ्या आळीचे जात असतील तर वैद्याबरोबर धान्याच्या कोठीकडेहि जावें.