क्रायलोव्ह जटिलता, खुल्या क्वांटम प्रणालींतील

भोवतालच्या परिसराशी संपर्क असलेल्या क्वांटम प्रणालीत एखादा साधा कारक काळानुसार किती गुंतागुंतीचा होतो, याचे माप. अशा संपर्कामुळे ऊर्जाक्षय होतो. शिवाय डीकोहेरन्स घडते, म्हणजे अवस्थांमधले कलासंबंध पुसले जातात.

व्याख्या : कारकाचा हॅमिल्टोनियनशी (प्रणालीच्या ऊर्जेच्या कारकाशी) क्रमविनिमयक पुनःपुन्हा घेऊन मिळणारे कारक परस्परलंब केले, की त्यांची एक साखळी तयार होते. काळानुसार बदलणारा कारक या साखळीवर सरासरी जितका पुढे सरकतो, तितकी त्याची जटिलता. शेजारच्या कड्या जोडणाऱ्या संख्यांना लँक्झॉस गुणांक म्हणतात. डॅनियल पार्कर व सहकाऱ्यांच्या 2019 मधील गृहीतकानुसार केऑटिक प्रणालींत हे गुणांक साधारणपणे रेषीय वाढतात आणि जटिलता घातांकी वाढते.

खुल्या प्रणाली : परिसराला स्मृती नसेल, तर हॅमिल्टोनियनच्या जोडीला क्षयपदे घेणारे लिंडब्लाड समीकरण लागू पडते. ते 1976 मध्ये गोरान लिंडब्लाड यांनी आणि स्वतंत्रपणे गोरिनी, कोसाकोव्स्की व ई. सी. जी. सुदर्शन यांनी मांडले. क्षयपदांमुळे उत्क्रांती घडवणारा कारक हर्मिटी राहत नाही व वरील साखळी बांधणारी लँक्झॉस पद्धत थेट वापरता येत नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अरण्य भट्टाचार्य, प्रतीक नंदी व सहकाऱ्यांनी 2022 मध्ये तिच्याऐवजी हर्मिटी नसलेल्या कारकांनाही चालणारी आर्नोल्डी पद्धत योजली. पुढे दोन साखळ्या एकाच वेळी बांधणारी द्वि-लँक्झॉस पद्धतही वापरात आली.

निष्कर्ष : क्षययुक्त सचदेव–ये–किताएव या केऑटिक प्रारूपात जटिलता आधी घातांकी वाढते, मग एका मर्यादेला स्थिरावते. क्षय जितका दुर्बळ, तितकी ही मर्यादा उंच. स्थिरावण्याचा काळ मात्र क्षयाच्या व्यस्ताच्या लॉगरिदमप्रमाणे वाढतो; त्यामुळे दुर्बळ क्षय आणखी दहापट कमी केला, तरी त्या काळात जवळपास ठरावीकच भर पडते.

मापनातील अडचण : क्षयामुळे कारकाचे एकूण परिमाणही घटते, म्हणून प्रत्येक क्षणी प्रसामान्यीकरण करावे लागते. माहितीच्या विखुरण्याचे दुसरे माप असलेला कालक्रमबाह्य सहसंबंधक माहिती विखुरल्याने घटतो, तसाच डीकोहेरन्सनेही घटतो. ही दोन कारणे वेगळी करण्यासाठी 2019 मध्ये 7 आयन-क्युबिटांवरील प्रयोगात टेलिपोर्टेशन वापरले गेले. टाटा मूलभूत संशोधन संस्था व डीआरडीओची पुण्यातील प्रयोगशाळा यांनी 2024 मध्ये चाचणी पूर्ण केलेला 6 क्युबिटांचा अतिसंवाहक प्रोसेसरही अशीच खुली प्रणाली आहे. कोणत्याही क्वांटम यंत्रात गुंतागुंत वाढणे आणि ती झिजणे एकाच वेळी चालू असते.