१२० तासांचे प्रमाणपत्र, सहा तासांची कसोटी

परदेशात जाऊन इंग्रजी शिकविण्याची इच्छा असलेल्या पदवीधराने संगणकावर 'टेफल' हा शब्द टाकला, की जाहिरातींची रांगच उभी राहते. १२० तासांचा अभ्यासक्रम, घरबसल्या प्रमाणपत्र, आंतरराष्ट्रीय मान्यता आणि वर नोकरीसाठी साह्याचे आश्वासन! शुल्क काही हजार रुपये, सवलतीच्या हंगामात त्याहूनही कमी. दुसरीकडे, तासांचा तोच आकडा सांगणाऱ्या एखाद्या अभ्यासक्रमाचे शुल्क लाखाच्या पुढे जाते. दोन्हींच्या अखेरीस हाती पडतो तो कागदच. मग हा फरक कशाचा, असा प्रश्न उमेदवाराला पडला तर नवल नाही.

'टेफल' म्हणजे परकी भाषा म्हणून इंग्रजीचे अध्यापन. हे एका क्षेत्राचे नाव आहे. कोणत्याही एका परीक्षेचे वा संस्थेचे ते नाव नाही. आपल्याकडे पदवी देण्याचा अधिकार कायद्याने विद्यापीठांकडे आणि तशा मोजक्या संस्थांकडे असतो. टेफलच्या प्रमाणपत्राला असे कुंपण नाही. कोणीही अभ्यासक्रम आखावा आणि कोणीही प्रमाणपत्र छापावे, अशी स्थिती आहे. त्यामुळे दर्जाची हमी कोण देतो आणि ती नेमकी कशाची देतो, हे तपासण्याचे काम उमेदवारावरच येऊन पडते.

या प्रशिक्षणाचे मूळ लंडनमध्ये सापडते. जॉन आणि ब्रिटा हेक्राफ्ट या दांपत्याने १९५३ मध्ये स्पेनमधील कोर्दोबा येथे इंग्रजीची शाळा काढली. पुढे लंडनमध्ये 'इंटरनॅशनल हाऊस' उभे राहिले आणि १९६२ मध्ये तेथे नवशिक्या शिक्षकांसाठी अल्पमुदतीचा वर्ग सुरू झाला. थोडा सिद्धांत आणि पुष्कळसा सराव, असे त्याचे स्वरूप होते. कालांतराने परीक्षेची जबाबदारी 'रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्स'कडे आणि १९८८ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या परीक्षा मंडळाकडे गेली. १९९६ पासून हे प्रमाणपत्र 'सेल्टा' या नावाने ओळखले जाते. या स्थित्यंतरात एक महत्त्वाची गोष्ट घडली. शिकविणारी संस्था आणि प्रमाणपत्र देणारी संस्था वेगवेगळ्या झाल्या.

बाहेरचा डोळा

सेल्टा अभ्यासक्रमात किमान १२० तास मार्गदर्शकांच्या संपर्कात घालवावे लागतात. त्यातील कळीचा भाग म्हणजे सहा तासांचे प्रत्यक्ष अध्यापन. बीएड केलेल्यांना 'सराव पाठ' म्हटले की जे आठवते, तेच येथेही असते. पाठटाचण तयार करायचे, खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांसमोर उभे राहायचे, मागे बसलेले मार्गदर्शक आणि सहाध्यायी टिपणे घेत असतात आणि पाठ संपल्यावर त्याची चिरफाड होते. पूर्ण वेळेचा वर्ग चार-पाच आठवड्यांत आटोपत असल्याने पहिला पाठ पहिल्या दोन-तीन दिवसांतच घ्यावा लागतो. विद्यार्थी किमान दोन वेगवेगळ्या पातळ्यांचे असावे लागतात. याशिवाय अनुभवी शिक्षकांच्या पाठांचे सहा तास निरीक्षण आणि चार लेखी स्वाध्याय असतात.

मात्र, एवढ्यानेही दर्जाची हमी मिळत नाही. संस्था आपल्याच प्रशिक्षणार्थींना गुण देणार असेल, तर हात सैल सुटण्याचा मोह असतोच. म्हणून प्रत्येक अभ्यासक्रमासाठी केंब्रिजने नेमलेला त्रयस्थ परीक्षक येतो. तो काही पाठ स्वतः पाहतो, स्वाध्याय व पाठटाचणांच्या फाइली चाळतो, प्रशिक्षणार्थींशी बोलतो आणि मार्गदर्शकांनी दिलेल्या श्रेण्या योग्य आहेत का, याची खातरजमा करतो. मार्गदर्शकांनाही मंडळाची मान्यता लागते. प्रवेशापूर्वी भाषाविषयक लेखी काम आणि मुलाखत असते. तयारी अपुरी वाटल्यास प्रवेश नाकारला जातो. पैसे भरताक्षणी दार उघडणाऱ्या अभ्यासक्रमांशी तुलना करताना हा एकच निकष पुष्कळ काही सांगून जातो.

लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचे 'सर्ट टेसॉल' हे प्रमाणपत्र याच तोडीचे समजले जाते. तेथे किमान १३० तासांची अट आहे, अध्यापनाचे तास मात्र तेवढेच, सहा. अभ्यासक्रमाच्या अखेरीस ट्रिनिटीचा प्रतिनिधी केंद्रावर येऊन प्रशिक्षणार्थींच्या मुलाखती घेतो. यातील एक घटक प्रस्तुत प्रतिनिधीला विशेष लोभस वाटतो. प्रशिक्षणार्थींना काही तास सर्वस्वी अनोळखी भाषा शिकावी लागते आणि त्या अनुभवाची रोजनिशी लिहावी लागते. वर्गात मान खाली घालून बसलेल्या विद्यार्थ्याच्या मनात काय चालते, हे कळण्याचा याहून सरळ मार्ग नसावा!

शिक्क्यांचा बाजार

स्वस्त अभ्यासक्रमांच्या पत्रकांवरही 'मान्यताप्राप्त' हा शब्द असतोच. पण मान्यता कोणाची? ब्रिटनमध्ये खासगी अधिस्वीकृती संस्था काढण्यास अटकाव नाही. त्यामुळे वार्षिक शुल्क भरून मिळणारी मान्यता आणि पाठ तपासून दिलेली मान्यता, दोन्ही कागदावर सारख्याच दिसतात. आयएसओ ९००१ मानांकन संस्थेच्या कारभाराची पद्धत तपासते. शिक्षक वर्गात काय करतो, याच्याशी त्याचा संबंध नाही. अपोस्टिलचेही तसेच. त्या शिक्क्याने सही आणि मोहोर खरी असल्याचे सिद्ध होते, अभ्यासक्रम चांगला असल्याचे नव्हे.

तासांच्या हिशेबातही गफलत आहे. सेल्टातील १२० तास हे प्रत्यक्ष संपर्काचे असतात. स्वयंअध्ययनाच्या अभ्यासक्रमात 'हे वाचायला इतका वेळ लागेल' असा अंदाज बांधून आकडा ठरविला जातो. नोकरीच्या जाहिरातींत १०० किंवा १२० तासांची अट दिसू लागल्यावर बाजाराने तो आकडा उचलला. त्यामागची सहा तासांची अट मात्र मागेच राहिली.

'लेव्हल ५' या शब्दाबाबत अधिकच सावध राहावे लागते. इंग्लंडमधील पात्रतांवर 'ऑफक्वाल' या नियामकाची देखरेख असते आणि त्याच्या चौकटीत सेल्टा व सर्ट टेसॉल पाचव्या पातळीवर आहेत. अलीकडे काही ऑनलाइन अभ्यासक्रमांनीही नियमानुसार ही पातळी मिळविली आहे. यात खोटे काही नाही. मात्र, पातळी हे काठिण्याचे माप आहे. त्यात एकही पाठ घेण्याची सक्ती असेलच असे नाही. पोहण्यावरचे उत्तम पुस्तक वाचल्याचे प्रमाणपत्र आणि पोहून दाखविल्याचे प्रमाणपत्र एकाच पातळीवर असू शकतात, असा हा प्रकार आहे.

ऑनलाइन म्हणजे निकृष्ट, असे समजण्याचेही कारण नाही. २०२० च्या साथीत केंब्रिजने संपूर्ण सेल्टा ऑनलाइन घेण्यास परवानगी दिली आणि ती सोय पुढेही राहिली. पडद्यापलीकडे खरे विद्यार्थी असतात, पाठ पाहिले जातात आणि परीक्षकही असतो.

ब्रिटनमधील भाषाशाळांना मान्यता देताना ब्रिटिश कौन्सिल शिक्षकांच्या प्रमाणपत्राकडे कसे पाहते, हे उद्बोधक आहे. विद्यापीठ वा मान्यवर परीक्षा मंडळाचे बाह्य प्रमाणीकरण, किमान १०० तासांचे शिक्षण आणि देखरेखीखालील किमान सहा तासांचे अध्यापन, असे हे निकष आहेत. कोणत्याही नावाचे प्रमाणपत्र या मोजपट्टीवर ठेवून पाहता येते.

अर्थात, या उत्तम समजल्या जाणाऱ्या प्रमाणपत्रांनाही मर्यादा आहेत. एक वर्षाचा बीएड अपुरा म्हणून भारतात २०१५ मध्ये तो दोन वर्षांचा करण्यात आला. तेथे महिनाभरात शिक्षक कसा घडणार, हा आक्षेप रास्तच आहे. सेल्टा मुळात प्रौढांना शिकविण्यासाठी आखला गेला, तर आशियातील बऱ्याच नोकऱ्या लहान मुलांना शिकविण्याच्या असतात. पुढचे शिक्षण हवे असल्यास 'डेल्टा' किंवा 'डिप टेसॉल' या सातव्या पातळीच्या पात्रता आहेत. त्यांची वाट लांबची आणि खर्चाची आहे.

मराठी उमेदवारांसाठी आणखी एक गोष्ट पैसे भरण्यापूर्वीच पाहण्यासारखी आहे. काही देशांत प्रमाणपत्रापेक्षा पासपोर्ट आधी पाहिला जातो. दक्षिण कोरियात भाषाशिक्षकाचा व्हिसा प्रामुख्याने अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांना मिळतो. २०१० मध्ये अमलात आलेल्या भारत-कोरिया करारात भारतीय सहायक शिक्षकांसाठी तरतूद झाली, तिच्या अटी स्वतंत्र आहेत. अभ्यासक्रम विकणाऱ्यांच्या पत्रकात हा तपशील बहुधा नसतो.

ऑफक्वालची नोंदवही संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. जाहिरातीतील पात्रता क्रमांक तेथे टाकल्यास प्रमाणपत्र देणारी संस्था, पातळी आणि एकूण तास कळतात. सराव पाठांचा तपशील त्या संस्थेच्या अभ्यासक्रम पत्रिकेत शोधावा लागतो. तेथेही तो न आढळल्यास 'माझा पाठ कोण पाहणार आणि वर्गात विद्यार्थी कोण असतील', एवढे दोनच प्रश्न लेखी विचारून उत्तर मागावे.