आता घ्यावा की थांबावं?

घरोघरी हल्ली वर्षातून एकदा तरी एक छोटी परिषद भरते. विषय मोबाइलचा. हातातला फोन तीन-चार वर्षांचा झालेला असतो, त्याची बॅटरी दुपारीच मान टाकते, फोटो काढायला गेलं की जागा नसल्याची सूचना येते. मुलगा म्हणतो, "घेऊन टाकू आता, सवलत चालू आहे." मुलगी म्हणते, "थांबा, दोन महिन्यांत नवं मॉडेल येतंय. मग हेच स्वस्त मिळेल." दोघांचंही पटतं आणि निर्णय पुढच्या परिषदेवर जातो.

हा प्रश्न मोबाइलसोबत जन्माला आला, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. त्याचं वय शंभर वर्षांच्या आसपास आहे. तो कुणी तयार केला आणि आपल्या उंबरठ्याच्या आत कसा आला, हे पाहिलं तर आजचा निर्णय घ्यायलाही त्याची मदत होते.

आमच्या लहानपणी हा प्रश्न नव्हता. तेव्हा वाट पाहणं हे आपल्या हातात नसायचं, ते नशिबाला आलेलं असायचं. टेलिफोनसाठी नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं थांबायचं. बजाजच्या स्कूटरची प्रतीक्षायादी एके काळी दहा वर्षांपर्यंत गेली होती. मुलाच्या लग्नात कामाला येईल म्हणून वडील आधीच नोंदणी करून ठेवत. एकदा वस्तू घरात आली की ती घरातल्या माणसासारखी राहायची. आमच्याकडे व्हॉल्व्हचा रेडिओ होता. तो लावल्यावर तापायला वेळ घ्यायचा, मग आवाज यायचा. बिघडला की अब्बा तो चादरीत गुंडाळून दुरुस्तीवाल्याकडे नेत. एखादा व्हॉल्व्ह बदलला जाई, रेडिओ तोच राही. भांड्यांना कल्हई, चपलेला टाका, गादीला पिंजारी. 'जुनं झालं' याचा अर्थ 'टाकायचं झालं' असा नव्हता.

तिकडे अमेरिकेत मात्र हा अर्थ बदलायला १९२० च्या दशकातच सुरुवात झाली होती. हेन्री फोर्डची 'मॉडेल टी' ही मोटार १९०८ ते १९२७ या काळात तयार होत होती. दीड कोटी गाड्या निघाल्या. सुरुवातीला साधारण ८५० डॉलरला मिळणारी ही गाडी पुढे ३०० डॉलरच्या आत आली. फोर्डचं गणित सरळ होतं. गाडी मजबूत असावी, दरसाल स्वस्त व्हावी, आणि तिचं रूप उगाच बदलू नये. पण अडचण अशी झाली, की ज्यांना गाडी घ्यायची होती त्यांच्यापैकी बहुतेकांनी ती घेतली. आता विकायची कुणाला?

याचं उत्तर जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी शोधलं. ज्याच्याकडे गाडी आहे, त्यालाच पुन्हा गाडी विकायची. दरवर्षी नवं मॉडेल काढायचं, रंग बदलायचा, आकार थोडा वळवायचा, म्हणजे गेल्या वर्षीची गाडी रस्त्यावर उभी असतानाच जुनी दिसू लागते. पैसे नसतील तर हप्ते आहेत. त्यासाठी या कंपनीने १९१९ मध्येच कर्ज देणारी स्वतःची शाखा काढली होती. अखेर १९२७ मध्ये फोर्डला 'मॉडेल टी' बंद करावी लागली. दरवर्षी येणारा नवा फोन आणि दुकानातला 'सोप्या हप्त्यांचा' फलक, ही दोन्ही त्या काळची नातवंडं आहेत.

१९५४ मध्ये ब्रुक्स स्टीव्हन्स नावाच्या अमेरिकन आरेखनकाराने ही गोष्ट उघड बोलून दाखवली. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, की ग्राहकाला थोडं अधिक नवं, थोडं अधिक चांगलं, आणि गरजेच्या थोडं आधीच घ्यावंसं वाटलं पाहिजे. यातले 'गरजेच्या थोडं आधी' हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. 'आता घ्यावा की थांबावं' हा प्रश्न याच फटीत राहतो.

संगणक आले तेव्हा मात्र या प्रश्नाला नवं वळण मिळालं. मोटारीचा नुसता रंग बदलत होता, संगणक खरोखरच बदलत होता. गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये भाकीत केलं, की एका चिपवर बसणाऱ्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल. १९७५ मध्ये त्यांनी ही मुदत सुधारून दोन वर्षांची केली. पुढे कित्येक दशकं जवळपास तसंच घडत गेलं. त्यामुळे थांबणाऱ्याचा खरोखर फायदा व्हायचा. तेवढ्याच पैशांत दोन वर्षांनी कितीतरी चांगलं यंत्र मिळे.

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या खगोलशास्त्राच्या काही मंडळींनी १९९९ मध्ये यावर एक मिश्कील शोधनिबंध लिहिला. त्यांचा प्रश्न असा होता: एखादं प्रचंड मोठं गणित संगणकावर करायचं आहे, तर ते आजच सुरू करावं की काही काळ मजा करून मग नव्या, वेगवान संगणकावर करावं? त्यांनी हिशेब मांडला. गणिताला २६ महिन्यांहून अधिक वेळ लागणार असेल, तर थांबणाराच आधी पोहोचतो. त्याहून कमी वेळ लागणार असेल, तर आजच कामाला लागावं. गमतीचा भाग सोडला तरी यात एक शहाणपण आहे. थांबावं की नाही हे यंत्रावर ठरत नाही. तुमचं काम किती थांबू शकतं, यावर ते ठरतं.

आता या इतिहासातला सर्वांत विलक्षण माणूस. त्याचं नाव अ‍ॅडम ऑस्बोर्न. जन्म १९३९ मध्ये बँकॉकचा, वडील इंग्रज, आई पोलिश. पण त्याचं बालपण गेलं ते तमिळनाडूत, तिरुवण्णामलैला. त्याचे वडील आर्थर ऑस्बोर्न हे रमण महर्षींचे अनुयायी आणि चरित्रकार. 'इच्छा कुठून उगवते ते पाहा' असं शिकवणाऱ्या आश्रमाच्या सावलीत वाढलेला हा मुलगा पुढे रसायन अभियंता झाला, अमेरिकेत गेला, संगणकावर पुस्तकं लिहू लागला, आणि १९८१ मध्ये त्याने 'ऑस्बोर्न १' हा संगणक बाजारात आणला.

कुठेही नेता येईल असा हा संगणक होता. वजन साधारण ११ किलो, पडदा ५ इंचांचा, म्हणजे आजच्या फोनपेक्षाही लहान. बंद केला की शिलाई मशीनच्या पेटीसारखा दिसे. किंमत १,७९५ डॉलर, आणि पत्रं लिहिण्यापासून हिशेबापर्यंतचे प्रोग्राम त्यातच मिळत. लोकांनी त्यावर उड्या घातल्या.

आणि मग १९८३ च्या सुरुवातीला पुढच्या, अधिक चांगल्या मॉडेलची वार्ता बाहेर पडली. ते हातात यायला अवकाश होता. गिऱ्हाईक म्हणालं, थांबू या. दुकानदारांनी मागण्या रद्द केल्या. जुने संगणक गोदामात पडून राहिले, नवे यायला पैसा उरला नाही, आणि सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. इतिहासकार सांगतात, की याला एवढंच कारण नव्हतं. प्रतिस्पर्धी स्वस्त संगणक विकत होते, आयबीएमने बाजाराचं मापच बदललं होतं आणि कारभारातही ढिसाळपणा होता. तरी व्यापारी जगाने धडा घेतला तो हाच. नवी वस्तू तयार होण्याआधी तिचा गवगवा केला तर जुनी विकली जात नाही, याला आजही 'ऑस्बोर्न परिणाम' म्हणतात. नव्या फोनविषयी शेवटच्या दिवसापर्यंत मौन पाळायची रीत यातूनच समजते. ऑस्बोर्न पुढे भारतात परतला आणि २००३ मध्ये कोडाईकनाल इथे वारला.

या कथेतून मला एक गोष्ट दिसते. आपण समजतो, की बाजारापुढे गिऱ्हाईक दुबळं असतं. पण हजारो माणसं आपापल्या घरी बसून नुसतं 'थोडं थांबू या' म्हणाली, तर भली कंपनी डळमळू शकते. थांबणं ही ग्राहकाकडची ताकद आहे. ती कधी वापरायची, एवढंच कळायला हवं.

घाईची किंमत काय, याचं उदाहरण २००७ सालचं. २९ जूनला अमेरिकेत पहिला आयफोन विकायला आला. लोक दुकानांबाहेर रांगा लावून उभे राहिले आणि ५९९ डॉलर मोजून तो घेऊन गेले. दहा आठवडेही झाले नाहीत तोच कंपनीने किंमत ३९९ वर आणली. रांगेतले लोक भडकले. स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहून दिलगिरी व्यक्त केली आणि आधी घेणाऱ्यांना १०० डॉलरची सूट देऊ केली. त्या पत्रात त्यांनी म्हटलं होतं, की पुढच्या कपातीची किंवा पुढच्या मॉडेलची वाट पाहत राहिलात तर तुम्ही कधीच काही घेणार नाही. म्हणून जी कंपनी आपल्या वस्तूला नीट आधार देते तिच्याकडून घ्या, म्हणजे नवं आलं तरी तुमची वस्तू वर्षानुवर्षं चालेल. विक्रेत्याचा सल्ला म्हणून सोडून देऊ नये, इतका तो नेमका आहे.

याच कंपनीची पुढची गोष्ट दुसरी बाजू दाखवते. बॅटरी थकलेले जुने आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून आपलं सॉफ्टवेअर त्यांचा वेग कमी करतं, असं अ‍ॅपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं. कित्येकांना तोवर वाटत होतं, की आपला फोन म्हातारा झाला. ओरड झाल्यावर कंपनीने बॅटरी बदलण्याचा दर अमेरिकेत ७९ वरून २९ डॉलर केला. जानेवारी २०१९ मध्ये विक्री घटल्याचं सांगताना टिम कुक यांनी जी कारणं दिली, त्यांत हेही होतं, की लोकांनी स्वस्तात बॅटरी बदलून घेतली आणि जुनाच फोन वापरत राहिले. म्हणजे 'फोन जुना झाला' असं म्हणणाऱ्या कितीतरी जणांची फक्त बॅटरी जुनी झाली होती. लिथियमची बॅटरी शेकडो वेळा चार्ज झाली की झिजतेच. तो तिचा धर्म आहे. पण टायर झिजला म्हणून कुणी मोटार विकत नाही.

मग फोन खरा म्हातारा केव्हा होतो? माझ्या मते, त्याला सुरक्षेचे अपडेट मिळायचे थांबतात तेव्हा. आज आपल्या फोनमध्ये बँक आहे, गॅसचं बुकिंग आहे, मुलांची फी आहे. अपडेट थांबले की घराच्या कडीचा खिळा सैल होतो. दरवाजा बाहेरून तसाच दिसतो. पुढे एकेक अ‍ॅपही जुन्या प्रणालीवर चालायचं थांबतं. पूर्वी बऱ्याच अँड्रॉइड फोनना दोन वर्षंही धड अपडेट मिळत नसत. गुगलने २०२३ मध्ये 'पिक्सेल ८' साठी आणि सॅमसंगने २०२४ मध्ये 'गॅलेक्सी एस २४' साठी सात वर्षांचं आश्वासन दिलं. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियमच लागू झाला: बॅटरी ८०० वेळा चार्ज झाल्यावरही तिची किमान ८० टक्के क्षमता टिकली पाहिजे, आणि विक्री बंद झाल्यावरही पाच वर्षं अपडेट व सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत. आपल्याकडेही केंद्र सरकारने २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी पोर्टल सुरू केलं. माझ्या अब्बांच्या पिढीला जे गृहीत होतं, ते आज कायद्याने मागावं लागतंय.

तेव्हा घरची परिषद भरली की तीन प्रश्न विचारावेत. माझं नेमकं काय अडतंय? ते बॅटरी बदलून, जागा मोकळी करून सुटतंय का? आणि माझ्या फोनला शेवटचा सुरक्षा अपडेट कधी आला? ही तारीख फोनच्या सेटिंगमध्येच दिसते. अपडेट बंद झाले असतील आणि त्याच फोनवर पैशांचे व्यवहार होत असतील, तर नव्या मॉडेलची वाट पाहू नये. नुसती बॅटरी दमली असेल, तर सवलतीच्या जाहिरातीकडे पाहू नये.

गेल्या वर्षीचं मॉडेल स्वस्त मिळतं म्हणून थांबणाऱ्यांनीही एक ध्यानात ठेवावं. कंपन्या अपडेटची वर्षं सहसा फोन प्रथम बाजारात आला तेव्हापासून मोजतात, आपण घेतला तेव्हापासून नव्हे. किंमत उतरलेली असते, तसं आयुष्यही थोडं सरलेलं असतं. उरलेल्या वर्षांनी किमतीला भागून पाहावं. शिवाय थांबलं की स्वस्त होतंच, हा मूरच्या काळातला भरवसा आता पक्का राहिलेला नाही. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढल्याने मेमरी चिप महागल्या, आणि त्याचा भार फोनवरही येतो.

आपल्याकडे एकीकडे 'थांबला तो संपला' म्हणतात, आणि दुसरीकडे 'नव्याचे नऊ दिवस' म्हणतात. शंभर वर्षांचा हा इतिहास सांगतो, की दोन्ही खरं आहे, आपापल्या वेळी. फक्त ती वेळ हप्त्यांच्या फलकाने ठरवू नये. ज्याच्या खिशातून पैसे जाणार आणि ज्याच्या हातात तो फोन राहणार, त्याने ती ठरवावी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)