रुमालाखालचा भाव

कुंडलिकेच्या खाडीपासून दक्षिणेस पसरलेला जो मुलूख 1948 पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांच्या अमलाखाली होता, त्यात मुरुडच्या वाटेवर काशीद वसले आहे; आणि खाडीपलीकडे, दहाव्या शतकात अल्-मसूदीसारखा अरब प्रवासी जेथे येऊन गेला, ते चौल आहे. अशा बंदरांच्या सान्निध्यात सौदा हा केवळ अर्थव्यवहार राहत नाही; परक्याशी वाद घालूनही त्याचा मान राखण्याची ती एक रीत बनते.

या रीतीचे सर्वांत संयत रूप म्हणजे रुमालाखालचा सौदा. सोळाव्या शतकाच्या आरंभी व्हार्थेमा या इटालियन प्रवाशाने कालिकतच्या दलालांना वस्त्राखाली बोटे चाचपून किंमत ठरवताना पाहिले, आणि पुढच्या शतकात हिऱ्यांच्या खाणींवर गेलेल्या ताव्हर्निए या फ्रेंच व्यापाऱ्याने त्या मुक्या भाषेचा हिशेबच नोंदवून ठेवला: सगळा पंजा धरला तर हजार, पाच बोटे दाबली तर पाचशे, एक बोट म्हणजे शंभर, मधल्या पेरापर्यंत पन्नास आणि नुसते टोक म्हणजे दहा. भोवती माणसांची दाटी असतानाही एकच माल अनेकदा हात बदली, आणि कोणास पत्ता लागत नसे. उत्तर चीनमधील गुरांच्या बाजारातही दलाल लांब अस्तनीत हात घालून असाच भाव करीत. मला यातील शिष्टाचार महत्त्वाचा वाटतो. नाकारलेल्या किमतीला साक्षीदार नसल्यामुळे माघार घेणाऱ्याची अप्रतिष्ठा होत नाही, आणि चिनी समाज ज्या अब्रूला एवढा जपतो, ती येथेही सुरक्षित राहते.

मासळीच्या पाटीपुढे मात्र सारे उघड्यावर चालते. मुरुड-एकदऱ्याची कोळीण वाट्याचा भाव सांगते, गिऱ्हाईक निम्म्यावर येते, ती “नाही परवडत गं ताई” म्हणते, आणि गिऱ्हाईक “पुढे बघून येते, मावशी” म्हणून दोन पावले टाकते. या वाक्यात नकार आहे, पण परतीची वाटही मोकळी आहे. चिनी बाजारातला ग्राहकही “आणखी जरा बघतो” असेच म्हणतो आणि विक्रेतीला थोरली बहीण म्हणून हाक मारतो. मावशीने मागून बोलावले, बोहनीची वेळ असली आणि वर दोन बांगडे पडले, की कोणी हरले असे कोणास वाटत नाही.

तथापि रुमालाच्या सभ्यतेचा एक अंश मला मान्य नाही. हिऱ्याचा धनी स्वतःच हात पुढे करीत असेल तर ती गुप्तता दोघांच्या सोयीची. परंतु कोकणच्या हापुसाची पेटी मुंबईच्या बाजारात गेली, की रुमालाखाली भेटतात ते अडत्या आणि खरेदीदार, आणि बागाईतदाराच्या हाती पडते ती केवळ पट्टी, जिच्यातून हमाली, तोलाई आणि 2016 पर्यंत अडतही आधीच वजा झालेली असे. जे दोघे समोरासमोर आहेत त्यांची अब्रू राखताना जो तिसरा दूर आहे त्याचा हक्क झाकला जातो. म्हणूनच 1963 च्या बाजार समिती कायद्यामागोमाग आलेला उघड लिलावाचा दंडक मला न्याय्य वाटतो, आणि त्यानंतरही आंब्याच्या हंगामात रुमाल पसरला जातो याचे दुःख होते. कोळणीला असा दंडक लागला नाही. तिची पाटी तिची, भाव तिचा, आणि तो ती चारचौघांत ओरडून सांगते.