नाकेबंदीतलं परडं

१९५५ साली भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि बेळगावहून घाट उतरून येणारी भाजी थांबली. त्या काळाच्या इतिहासात सत्याग्रह वाचायला मिळतो, आमच्या आजीचं परडं मात्र कुठेच नाही. ती सांगायची, एरवी भात कापल्यावरच आम्ही मळ्याकडे वळायचो. त्या वर्षी भात उभं असतानाच परड्यात उंच वाफा करून, शेणखत नि राख घालून मिरची-वांग्याची रोपं टाकली. कापणी झाली, की नांगरट आणि थंडीच्या तोंडावर लगेच लावणी. मधल्या जागेत तांबडी भाजी, मुळा, महिन्याभरात ताटात. पाणी विहिरीचं, घागरीने. मुक्तीनंतर घाटावरची भाजी पुन्हा आली, पण रोपं लवकर टाकायची सवय आजीने शेवटपर्यंत सोडली नाही. तुमच्या घरी अशी आठवण असेल, तर आजच विचारून लिहून ठेवा.