१ डिसेंबर आणि कोयता

१ डिसेंबर हा जागतिक एड्स दिन. ही तारीख कोणी ठरविली, हे आपल्या कार्यकर्त्यांनाही सहसा ठाऊक नसते. जिनिव्हाला जागतिक आरोग्य संघटनेच्या एड्स कार्यक्रमात जेम्स बन आणि थॉमस नेटर हे दोन माहिती अधिकारी होते. १९८७ साली त्यांनी ही कल्पना मांडली. पुढल्या वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक. ती आटोपल्यावर आणि नाताळाच्या आधी पाश्चात्त्य वृत्तपत्रांना बातमी हवी असेल, असा त्यांचा हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता. १९८८ पासून जगभर हा दिवस पाळला जाऊ लागला.

आता हीच तारीख नंदुरबार जिल्ह्यात आणून पाहा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे येथील सुमारे ६९ टक्के माणसे आदिवासी. घरची बोली भिली, पावरी, मावची. दिवाळीच्या आगेमागे कुटुंबेच्या कुटुंबे दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. बारडोलीच्या साखर कारखान्यांवरील ह्या खानदेशी मजुरांविषयी यान ब्रेमन ह्या डच समाजशास्त्रज्ञाने १९७८ सालीच लिहून ठेवले आहे. नवराबायको मिळून एक ‘कोयता’; माणसांची मोजदादही हत्यारानेच! तेव्हा डिसेंबरात तालुक्याच्या गावी शाळकरी मुलांची प्रभातफेरी निघते, मराठीतून घोषणा होतात, त्या वेळी ज्यांच्यासाठी त्या घोषणा ती माणसे परराज्यातल्या फडावर, पाचटाच्या खोपीत असतात.

आणि सरकारी भाषेत ह्यांचे नाव काय? १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली. तिच्या नियोजनात वेश्या हा ‘अतिजोखमीचा गट’. ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर हे ‘दुवा’. म्हणजे रोग घराघरांत नेणारे. ज्यांच्या कित्येक जमाती इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरविल्या, त्या समाजांना ही भाषा नवी नाही.

सांगलीत मात्र वेगळे घडले. १९९२ साली ‘संग्राम’ने वेश्यावस्तीत काम सुरू केले, ते निरोध वाटण्याची आणि समजावून सांगण्याची जबाबदारी त्या बायकांवरच सोपवून. देवदासी प्रथेतून आलेल्या बायकाही त्यांत होत्या. १९९६ साली त्यांनी वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी केली. गिऱ्हाईक ऐकत नाही, पोलीस मारतो, दवाखान्यात हात लावीत नाहीत, हे सारे त्यांच्या लेखी एड्सचेच प्रश्न होते. पत्रकावर ते कधी छापले गेले नसते.

१ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत एड्सवरील औषधे मोफत मिळू लागली. गोळी रोज घ्यायची, जन्मभर. फडावर गेलेल्याने ती चुकवायची नसेल, तर त्याच्याशी बोलणे गाव सुटण्याआधी व्हायला हवे. आठवडे बाजारात, त्याच्या बोलीत. गावात माणसे कधी असतात हे मुकादमाला पक्के ठाऊक असते. उचल तो पावसाळ्यातच वाटून जातो.