पदांगुष्ठाची वक्रता : शस्त्रक्रियेचा इतिहास आणि पादत्राणाचा प्रश्न

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा तिच्या उत्पादनक्षेत्रात कर्नाटकातील चार जिल्ह्यांबरोबर कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर या जिल्ह्यांचा समावेश झाला. ही चप्पल पुढून उघडी असते व बोटांना मोकळीक देते. निमुळत्या टोकाचा बूट याच्या नेमका उलट होय. पायाच्या अंगठ्याच्या वक्रतेचा इतिहास या दोन पादत्राणांतील भेदापासून वेगळा काढता येत नाही.

या विकारात अंगठा दुसऱ्या बोटाकडे कलतो, त्याच्या मुळाशी असलेली पहिली प्रपदास्थी आतल्या बाजूस, म्हणजे दुसऱ्या पायाच्या दिशेस, सरकते आणि सांध्यापाशी उंचवटा दिसू लागतो. डच शरीरशास्त्रज्ञ पेत्रुस काम्पर याने १७८१ मध्येच बुटाच्या योग्य आकाराविषयी ग्रंथ लिहून अयोग्य पादत्राणाकडे लक्ष वेधले होते. जर्मन शल्यवैद्य कार्ल ह्यूटर याने पुढे १८७१ मध्ये विकाराला ‘हॅलक्स व्हॅल्गस’ हे नाव दिले.

आरंभी उंचवटा हाच रोग समजला जाई. तो छाटला की काम झाले, अशी कल्पना होती. परंतु उंचवटा हा परिणाम आहे, कारण नव्हे. जिनिव्हाच्या रेव्हर्दँ याने १८८१ मध्ये प्रपदास्थीच्या डोक्याजवळ पाचरीच्या आकाराचा अस्थिच्छेद करून हाडाची दिशाच बदलली. अमेरिकन सेनेतील शल्यवैद्य केलर याने १९०४ मध्ये दुसरा मार्ग सुचविला : अंगठ्याच्या पहिल्या हाडाचा बुंधा काढून टाकणे. वेदना कमी झाल्या, पण अंगठा आखूड व दुबळा होऊन चालताना जमिनीला रेटा देण्याची त्याची शक्ती घटली. ज्याची उपजीविका पायांवर उभी आहे, त्याच्या दृष्टीने हा मोबदला लहान नव्हे.

नंतरच्या पद्धतींनी या हानीचेच उत्तर शोधले. मॅकब्राइड याने १९२८ मध्ये अंगठा ओढणाऱ्या स्नायूचे स्थान बदलून सांधा राखला. लॅपिडस याने १९३४ मध्ये प्रपदास्थीच्या मुळाशी असलेला सांधा जोडून टाकला, कारण दोष तेथील शैथिल्यात आहे असे त्याचे मत होते. मिचेल व सहकाऱ्यांनी १९४५ मध्ये, आणि ऑस्टिन व लेव्हेन्टन यांनी १९८१ मध्ये, अस्थिच्छेदाचे नवे प्रकार मांडले. आज शंभराहून अधिक पद्धतींचे वर्णन आढळते. ही विपुलता म्हणजे एकही पद्धत सर्वांना पुरेशी नाही, याची कबुलीच होय. क्ष-किरण चित्रावर हाडांमधील कोन मोजून दोष कोठे आहे हे ठरवावे व त्यानुसार पद्धत निवडावी, हा नियम त्यातूनच स्थिर झाला.

पादत्राणाच्या पक्षात पुरावाही बळकट आहे. १९५८ मध्ये लॅम व हॉजसन यांनी हाँगकाँग येथील चिनी लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. बूट वापरणाऱ्यांत ही वक्रता ३३ टक्के, तर अनवाणी राहणाऱ्यांत केवळ १.९ टक्के आढळली. २०२१ मध्ये केंब्रिजच्या मध्ययुगीन अस्थींच्या अभ्यासातही हाच कल दिसला : अकराव्या ते तेराव्या शतकांत ६ टक्के, तर लांब टोकाच्या बुटांची रीत आलेल्या चौदाव्या-पंधराव्या शतकांत २७ टक्के.

तथापि पादत्राण हेच एकमेव कारण मानणे चुकीचे ठरेल. आनुवंशिकता आणि संधिवात यांचाही वाटा असतो; अनवाणी समाजातही हा विकार अगदी अज्ञात नाही. म्हणून पंढरपूरच्या वाटेवर मैलोगणती चालणाऱ्या वारकऱ्याचा पाय निर्दोषच असेल, असे गृहीत धरता येत नाही. मात्र सोलापूरसारख्या जिल्ह्यात, जेथे उघडी चप्पल व बंद बूट शेजारीशेजारी वापरले जातात, तेथे या प्रश्नाच्या अभ्यासास अनुकूल क्षेत्र आहे. शल्यवैद्याने हाड सरळ केले तरी रुग्ण पुन्हा त्याच अरुंद बुटात पाय घालणार असेल, तर सव्वाशेहून अधिक वर्षांच्या या प्रयत्नांचे फळ अर्धेच राहील.